खडकावरचं तपकिरी ‘पीस’: शेवाळ की हायड्रॉइड? ओळख, जतन आणि कायमची स्लाईड

प्रॅक्टिकल_जर्नल (प्रश्न):

वांद्र्याला बँडस्टँडच्या खडकांवर, मोठ्या ओहोटीला सगळ्यात शेवटी उघड्या पडणाऱ्या पट्ट्यात, कपारींच्या खालच्या अंगाला पिसासारखे झुबके आहेत. उंची ६ ते ८ सेंमी, मधली काडी जवळजवळ काळी, दोन्ही बाजूंना बारीक फांद्या. पाण्यात फुललेलं दिसतं, बाहेर काढलं की ओल्या दोऱ्यासारखं चिकटून बसतं. मोबाईलच्या फोटोवरून एकाने अ‍ॅग्लाओफेनिया, म्हणजे पिसासारखं हायड्रॉइड (वसाहतीने वाढणारा समुद्री प्राणी) सांगितलं, दुसऱ्याने सरळ शेवाळ म्हणून निकाल दिला.

बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलसाठी एक बरणीतला नमुना आणि दोन-तीन कायमच्या स्लाईड हव्या आहेत. खात्रीने ओळखायचं कसं, किती आणि कसं काढायचं, आणि पॉलिप (वसाहतीतले चिमुकले तोंडवाले जीव) आक्रसून न जाता स्लाईड कशी होते? हे चावतं का, तेही सांगा. पोरांना बरोबर न्यायचं आहे.

---

काळा_खडक:

आधी शेवाळाचा निकाल लावू. एक फांदी समुद्राच्याच पाण्यात, काळ्या तळाच्या बशीत ठेवा आणि दहा मिनिटं हलवू नका. टॉर्च वरून मारायची नाही, बाजूने मारायची. फांदीवर पांढरे ठिपके उमलले आणि त्यांना संस्पर्शकं, म्हणजे तोंडाभोवतीचे बारीक धाग्यांसारखे हात दिसले की प्राणी. १०एक्स भिंग पुरतं. कॉलर्पा या शेवाळाच्या काही जातीही पिसासारख्या दिसतात, पण त्या हिरव्या असतात आणि त्यांत उमलण्या-मिटण्याचा प्रकार नसतो.

मग ब्रायोझोआ, म्हणजे वसाहतीने वाढणाऱ्या प्राण्यांचा दुसराच गट. त्यातल्या बुगुलाचे झुबके अशाच जागी, अशाच तपकिरी रंगात वाढतात आणि फोटोत हमखास फसवतात. बुगुलाची फांदी पुन्हा पुन्हा दोनात फुटत जाते, त्यामुळे पिसाचा मधला दांडा असा दिसतच नाही. शिवाय त्याची संस्पर्शकं नरसाळ्यासारखी उभी असतात आणि धक्का लागला की चौकोनी खोलीत क्षणात गायब होतात. हायड्रॉइडचा पॉलिप त्या मानाने सावकाश आक्रसतो.

सी पेन आणि फेदर स्टार यांच्याशी गोंधळ व्हायला नको. सी पेन वाळू-चिखलात देठ रोवून असतो, त्याच्या प्रत्येक पॉलिपला आठ झालरीदार संस्पर्शकं असतात. तो कोरलच्या नात्यातला. फेदर स्टार काटेरी त्वचेच्या प्राण्यांतला, तो जागा सोडून चालतो.

आता खरा प्रश्न: पिसासारखं हायड्रॉइड म्हणजे अ‍ॅग्लाओफेनियाच असं नाही. किनाऱ्यालगत दोन अगदी वेगळे गट हाच आकार घेतात.

पहिला गट कपवाल्यांचा, म्हणजे लेप्टोथिकाटा. अ‍ॅग्लाओफेनिया, मॅक्रोरिंकिया, प्लुम्युलारिया हे सगळे त्यात. यांचा प्रत्येक पॉलिप कायटिनच्या कपात, म्हणजे हायड्रोथीकात बसलेला असतो आणि कप फांदीच्या एकाच अंगाला ओळीने असतात. कपाच्या आजूबाजूला आणखी चिमुकले कप असतात, त्यांना निमॅटोथीका म्हणतात. त्यांत फक्त दंशकोशिकांचा साठा. अ‍ॅग्लाओफेनियात हिशोब ठरलेला: प्रत्येक मोठ्या कपामागे तीन छोटे, एक पुढे मधोमध आणि दोन बाजूंना, तिन्ही न हलणारे. प्लुम्युलारियात बाजूचे छोटे कप हलू शकतात आणि मोठे कप एकमेकांपासून सुटे, अंतरावर असतात.

दुसरा गट बिनकपाचा, अँथोअथिकाटा. त्यात पिसासारखा म्हणजे पेनारिया डिस्टिका. पॉलिप उघडा, मोठा, साध्या भिंगाखाली स्पष्ट. बंदरं, जेट्ट्या, दोरखंड, बोयाची साखळी, सगळीकडे हाच. तुमच्या वर्णनातली काळी काडी मला पेनारियाकडे नेते, पण नुसत्या रंगावर शिक्का मारू नका. तीन गोष्टी बघून इथे लिहा:

१. फांदीच्या अगदी टोकावर पॉलिप आहे की नुसतं वाढीचं टोक?
२. पॉलिपला संस्पर्शकं एकाच प्रकारची आहेत की दोन?
३. फांदी जिथे काडीतून निघते तिथे वळ्या आहेत का?

फोटोवरून जातीचं नाव सांगणाऱ्याचं फार मनावर घेऊ नका. वरून काढलेल्या फोटोत यातलं काहीच दिसत नाही.

---

सुकती:

काढण्याबद्दल. कॅलेंडरात तिथी बघा, तिथीला पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, त्यानंतर सहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटीचा तळ. द्वितीयेला दोनाचे पाऊणपट दीड, म्हणजे दीड वाजता भरती आणि साधारण साडेसातला, सकाळी आणि संध्याकाळी, तळ. पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवस उधाणाची ओहोटी सगळ्यात खोल जाते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं, तेव्हा हा पट्टा उघडाच पडत नाही, फुकट फेरी. वेळेचा अंदाज तिथीवरून चालतो, पाणी किती खाली जाणार ते मात्र भरती-ओहोटीच्या तक्त्यातच बघावं लागतं, कारण एकाच दिवसातल्या दोन ओहोट्या मुंबईत सारख्या नसतात. ०.५ मीटर किंवा त्याहून कमी आकडा असलेला दिवस निवडा.

तळाच्या दीड तास आधी उतरा, पाण्यामागून खाली जा आणि तळाची वेळ झाली की परत फिरा. पाणी समोरून येत नाही, पाठीमागच्या घळीतून आधी भरतं. पोरं असतील तर एकाने फक्त घड्याळ आणि घळ बघायची. चपला-सँडल नको, पकड असलेले बंद बूट. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात आणि आपल्या किनाऱ्याच्या पाण्यात सांडपाणी असतं, त्यामुळे कापलं तर स्वच्छ पाण्याने धुऊन टिटॅनसचं बघावं लागतं.

मोसम नोव्हेंबर ते मे धरा. पावसाळ्यात गोडं पाणी, गाळ आणि लाटांचा मार यांनी वसाहती झडतात. खडकाला चिकटलेल्या मुळासारख्या नळ्यांत जिवंत ऊती टिकून राहिली तर तिथूनच पुन्हा फुटवा येतो. म्हणून झुबका ओरबाडू नका. दाट झुबक्यातली दोन पिसं पुरतात. एक स्केलपेल किंवा जुनं ब्लेड आडवं धरून नळीचा सेंटीमीटरभर तुकडा सोबत येईल असं कापा, बाकीचं तसंच राहू द्या.

पीस पाण्याबाहेर काढायचं नाही. रुंद तोंडाची बाटली पाण्याखालीच धरा, पीस आत सरकवा, तिथेच झाकण लावा. एकदा हवेत आलं की कपांत बुडबुडे अडकतात आणि ते पुढे स्लाईडपर्यंत छळतात. लिटरभर पाण्यात दोन-तीन पिसांहून जास्त नकोत. बाटली थर्माकोलच्या डब्यात, बर्फ थेट बाटलीला न लागता. प्रयोगशाळेत दोन-तीन तासांत पोचलं तर पॉलिप उमललेले मिळतात.

शेजारी कोरल किंवा सी फॅन दिसला तर हात लावायचा नाही, तुटलेला तुकडासुद्धा उचलायचा नाही. २००१ पासून ते वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत. उलटलेला दगड होता तसा परत ठेवा.

---

प्रॅक्टिकल_जर्नल:

पाहिलं. प्रत्येक फांदीच्या टोकावर पॉलिप आहे, आणि टोकाचा बाकीच्यांपेक्षा मोठा. पॉलिप पांढरा, किंचित गुलाबी, सुरईसारखा. खाली लांब बारीक संस्पर्शकांचं एक कडं, वर तोंडाजवळ आखूड, टोकाला गाठ असलेली काही. फांद्यांच्या बुडाशी वळ्या आहेत. कप कुठेच नाही. काही पॉलिपवर गुलाबी अंड्यासारखं काहीतरी लटकतंय.

---

काळा_खडक:

मग पेनारिया डिस्टिका, शंका नको. दोन प्रकारची संस्पर्शकं आणि टोकावरचा पॉलिप, एवढ्यावर अ‍ॅग्लाओफेनिया बाद होतं. तिथे वाढीचं टोक पॉलिपशिवाय पुढे सरकतं आणि पॉलिप मागे बाजूला तयार होत जातात. पेनारियात टोकाचा पॉलिप हाच त्या फांदीतला सगळ्यात जुना, नवे त्याच्या खाली फुटतात. वर्गात दोन्ही वाढी शेजारी शेजारी दाखवता आल्या तर उत्तम.

लटकणाऱ्या गुलाबी पिशव्या म्हणजे जननपिंड. त्यांतून अर्धवट घडलेले मेड्युसा (हायड्रॉइडची छत्रीसारखी, पोहणारी अवस्था) तयार होतात: चार अविकसित संस्पर्शक-उंचवटे, तोंडाने खाणं नाही, आयुष्य अल्प. पाठ्यपुस्तकातल्या ओबेलिया या हायड्रॉइडचं चित्र गिरवलेल्या मुलांना इथे खरा फरक दिसतो. अ‍ॅग्लाओफेनियात तर मोकळा मेड्युसा नाहीच. काही फांद्या वळून टोपलीसारख्या बंद होतात, त्या कॉर्ब्युलात जननपिंड सुरक्षित राहतात आणि थेट प्लॅन्युला अळी बाहेर पडते.

आणखी एक. बशी लगेच रिकामी करू नका. अशा पिसांवर कॅप्रेला, म्हणजे काडीसारखे बारीक कवचधारी, फांदीच्याच रंगात उभे असतात. एओलिड गटातल्या समुद्री गोगलगाई हेच खातात आणि गिळलेल्या न फुटलेल्या दंशकोशिका स्वतःच्या पाठीवरच्या शिंगांत साठवतात. फांदीला गुंडाळलेली पांढरी नागमोडी फीत दिसली तर ती बहुतेक त्यांची अंडी. आणि पिसाच्या खालच्या फांद्या बोडक्या, शेवाळ धरलेल्या असतील तर तो रोग समजू नका, जुन्या फांद्यांचे पॉलिप गळतात. नमुना वरच्या भागातून घ्या.

---

काचपट्टी:

स्लाईडचं मी सांगतो. पेनारिया ठरलं हे बरं झालं, कारण त्यावरून पद्धत बदलते. कपवाल्यांची ओळख कपावरून होते, म्हणून पॉलिप मेला-आक्रसला तरी काम निभावतं. किनाऱ्यावर वाहून आलेला वाळका सांगाडासुद्धा ओळखता येतो. पेनारियाचा पॉलिप आक्रसला तर हातात काळी काडी उरते. म्हणजे सगळा खेळ बधिर करण्याचा.

बधिरीकरण: मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट ७५ ग्रॅम, डिस्टिल्ड वॉटर घालून १ लिटर करा. बाटलीवर हेक्झाहायड्रेट लिहिलंय का ते वाचा. अनहायड्रस (बिनपाण्याचं) असेल तर साधारण ३५ ग्रॅमच लागतं, आणि ते पाण्यात टाकताना तापतं, म्हणून थोडं थोडं. ७५ ग्रॅम अनहायड्रस ओतलं की द्रावण दुपटीहून तीव्र होतं आणि पॉलिप सुरकुततात. मग दोष नमुन्याला दिला जातो.

पीस समुद्राच्या पाण्यात पूर्ण उमलू द्या. मग तेवढंच द्रावण बशीच्या कडेने, ड्रॉपरने, पंधरा-वीस मिनिटांत हळूहळू घाला. एकदम ओतलं तर सगळे पॉलिप मिटतात आणि मिटलेलेच बधिर होतात. अर्ध्या तासानंतर बारीक सुईने संस्पर्शकाला स्पर्श करून बघा. हललं नाही की पुढच्या पायरीला जा. रात्रभर ठेवायची कल्पना सोडा, संस्पर्शकं विरघळायला लागतात. मॅग्नेशियम क्लोराइड नसेल तर पाण्यावर मेंथॉलचे चार-पाच खडे तरंगत ठेवून बशी झाका. चालतं, पण वेळ बेभरवशाचा.

स्थिरीकरण: बाजारातलं फॉर्मॅलिन १ भाग, समुद्राचं पाणी ९ भाग. फॉर्मॅलिनमध्ये आधीच बोरॅक्स घालून ठेवा, तळाशी थोडा न विरघळलेला राहील इतका. आम्ल फॉर्मॅलिन बरोबर आलेल्या चुनखडीच्या जिवांची वाट लावतं. द्रावण नमुन्याच्या आकारमानाच्या निदान दहापट हवं. २४ तास. हातमोजे आणि उघडी खिडकी किंवा फ्यूम हूड लागेलच, फॉर्मॅल्डिहाइड कर्करोगकारक आहे, पोरांच्या हातात ते द्यायचं नाही. डीएनए कधी काढायचा विचार असेल तर एक तुकडा बाजूला काढून थेट ९५ टक्के इथेनॉलमध्ये टाका, दुसऱ्या दिवशी इथेनॉल बदला. फॉर्मॅलिनमधल्या नमुन्यातून पुढे डीएनए मिळण्याची आशा फार धरू नका.

नंतर नळाच्या पाण्यात तासभर, दोन-तीनदा पाणी बदलून धुवा. ३०, ५०, ७० टक्के अल्कोहोल, प्रत्येकी १५ मिनिटं. बरणीतला नमुना ७० वर थांबवा. गुलाबी-पांढरा रंग अल्कोहोलमध्ये जातो, फोटो जिवंतपणीच काढून ठेवा.

स्लाईडसाठी २ सेंमीहून मोठा तुकडा नको. ५० टक्क्यांवर परत आणून अल्कोहोलिक बोरॅक्स कार्माइनमध्ये २० ते ३० मिनिटं. बाहेर काढल्यावर सगळं गडद लाल दिसेल, घाबरायचं नाही. ७० टक्के अल्कोहोल १०० मिली आणि हायड्रोक्लोरिक आम्ल १ मिली, या आम्ल-अल्कोहोलमध्ये रंग उतरवा. हे मायक्रोस्कोपखाली बघत करायचं. काडीचं पेरिसार्क, म्हणजे बाहेरचं कायटिनचं आवरण, मोकळं दिसायला लागलं आणि आतली जिवंत नळी व पॉलिप गुलाबी राहिले की थांबा. सेकंदांचा हिशोब कुठल्याही पुस्तकातला लागू पडत नाही, तुकड्याच्या जाडीवर जातं. लगेच साध्या ७० टक्क्यांत दोनदा धुवा. आम्ल राहिलं तर स्लाईड काही महिन्यांत फिकट होत जाते.

मग ९०, १००, आणि पुन्हा ताजं १००, प्रत्येकी १० मिनिटं. पायऱ्या गाळल्या की पेरिसार्कची नळी आत पिचकते. ती परत फुगत नाही. शेवटी झायलीन आणि डीपीएक्स (स्लाईड कायमची चिकटवणारा पारदर्शक राळेसारखा द्रव).

माउंट करताना पॉलिप चिरडतात ते कव्हरस्लिपच्या वजनाने. फुटक्या कव्हरस्लिपचे दोन तुकडे बाजूंना टेकू म्हणून ठेवा, डीपीएक्स सढळ हाताने घ्या, कव्हरस्लिप एका कडेने टेकवून हळू सोडा. दोन दिवस आडवी वाळवा. वाळताना कडेने डीपीएक्स मागे सरकतं, तिथे थेंब भरा.

पुढेमागे अ‍ॅग्लाओफेनिया मिळालं तर एकाच स्लाईडवर दोन तुकडे ठेवा, एक कुशीवर, एक समोरून. पुढच्या छोट्या कपाची लांबी कुशीवरूनच कळते आणि मोठ्या कपाच्या काठावरचे दात समोरून मोजता येतात. पूर्ण पीस आडवं टाकून केलेल्या देखण्या स्लाईडमध्ये हे दोन्ही एकदम क्वचितच दिसतं.

---

दर्यावर्दी:

चावण्याबद्दल. पेनारियाचा दंश सौम्य. तळहाताची कातडी जाड, तिथे बहुतेकांना काहीच कळत नाही. मनगट, कोपराची आतली बाजू, मांडी इथे खाज आणि लाल पुरळ येऊ शकतं. नायट्राइलचे हातमोजे आणि पूर्ण बाह्या, एवढं पुरे. पिसाला हात लावून डोळे चोळणं हा खरा धोका.

मॅक्रोरिंकिया फिलिपिना मात्र वेगळं प्रकरण. गडद काडीवर पांढऱ्या नाजूक फांद्या, उष्ण समुद्रांत सर्वत्र, डायव्हिंग करणारे त्याला घाबरून असतात ते उगीच नाही. झटकन आग होते, मग फोड किंवा गांधी, खाज कित्येक दिवस टिकू शकते. पोरांना नियम एकच द्या: पांढरं पीस दिसलं तर लांबून फोटो.

लागलंच तर समुद्राच्याच पाण्याने, न चोळता धुवा. चिकटलेले तुकडे चिमट्याने काढा. गोडं पाणी, वाळूने घासणं, टॉवेलने पुसणं, तिन्ही बंद, कारण न फुटलेल्या दंशकोशिका त्याने फुटतात. मग बर्फ कोरड्या प्लास्टिक पिशवीत घालून वरून लावा, वितळलेलं पाणी कातडीला लागू देऊ नका. व्हिनेगरची बाटली सगळेच बरोबर नेतात, पण त्याचा परिणाम प्रत्येक दंश करणाऱ्या प्राण्यावर सारखा नसतो, काहींत उलट होतो. हायड्रॉइडसाठी ती बॅगेतच राहू दे. श्वासाला त्रास, ओठ-चेहऱ्याला सूज, चक्कर यातलं काहीही दिसलं तर मलम शोधत बसायचं नाही, थेट रुग्णालय.

मेलेलं, वाळलेलं पीसही हाताने कुस्करू नका. दंशकोशिका फुटायला प्राणी जिवंत असावा लागत नाही.

---

कुंडीतली_माती:

थोडं अवांतर. ऑनलाइन ‘एअर फर्न’ नावाचं हिरवं पिसासारखं झाड मिळतं, पाणी-माती काही लागत नाही म्हणे. ते यातलंच का?

---

काळा_खडक:

नात्यातलंच. सर्टुलारिया नावाच्या हायड्रॉइडचे वाळवलेले सांगाडे, हिरवा रंग दिलेले. पाणी लागत नाही कारण ते मेलेलं आहे. वाळकं असूनही कप शाबूत असतात, त्यामुळे एक फांदी ग्लिसरीनमध्ये ठेवून मायक्रोस्कोपखाली बघा; रंग सोडला तर कपवाल्या गटाचा बरा नमुना आहे. अशा पिसांना वनस्पती समजणं जुनंच आहे. जॉन एलिसने १७५५ साली पुस्तक लिहून ते प्राणी असल्याचं मांडलं, तरी वाद पुढे चालूच राहिला.

---

प्रॅक्टिकल_जर्नल:

पहिल्या दोन स्लाईड झाल्या. एक झायलीनमध्ये टाकताच दुधासारखी पांढरी झाली. दुसरीत काडीच्या आत काळ्या लांबट रेघा आहेत, रंगाचा साका वाटतो. शिवाय बरणीचं लेबल एका आठवड्यात पुसट झालं.

---

काचपट्टी:

दूध म्हणजे पाणी राहिलंय. झायलीनमध्ये ठेवून ते जात नाही, उलटं १०० टक्के अल्कोहोलमध्ये न्या, तेही नव्या बाटलीतलं. पावसाळी हवेत उघडी राहिलेली बाटली नावालाच १०० टक्के असते. मुंबईत हे बारा महिने लक्षात ठेवायचं. तिथे पंधरा मिनिटं दोनदा, मग निम्मं अल्कोहोल निम्मं झायलीन, मग झायलीन.

काळ्या रेघा साका नाही, हवा आहे. कापलेल्या टोकातून नळीत शिरते, एका भांड्यातून दुसऱ्यात जाताना क्षणभर जरी तुकडा कोरडा राहिला तरी. डीपीएक्समध्ये गेलेली काढता येते: स्लाईड झायलीनमध्ये दोन-तीन दिवस बुडवून कव्हरस्लिप आपोआप सुटू द्या, ओढू नका, तुकडा पायऱ्या उतरत ७० टक्क्यांवर आणा आणि रात्रभर ठेवा. बुडबुडा टोकाजवळ असेल तर ब्रशने हलकं दाबून बाहेर सरकतो. पुढच्या वेळी तुकडा चिमट्याने उचलण्यापेक्षा तो तिथेच ठेवून द्रावणं ड्रॉपरने बदला.

लेबल शाईचं असेल तर अल्कोहोल ते खाणारच, जेल पेन असो की प्रिंटरची शाई. जाड कागदावर एचबी पेन्सिलने लिहून बरणीच्या आत, नमुन्याबरोबर टाका: जागा, तारीख, ओहोटीचा आकडा, खडकाच्या वर होतं की खाली, कशात बधिर आणि कशात स्थिर केलं. बाहेरचं लेबल दिसायला असतं, खरं आतलं. बरणीचं झाकण धातूचं नको, आणि अल्कोहोलची पातळी दर सहा महिन्यांनी बघून ७० टक्केच भरा, पाणी नाही.